न झाकलेला प्याला

१

आमच्या घरी चहा संपतो तो प्याल्यावर हात ठेवून. ज्याला पुरे झालं तो आपल्या प्याल्यावर तळहात पालथा ठेवतो. तोवर समोवारजवळ, चहाच्या बंबाशी, बसलेली सून ओतत राहते, अर्धा अर्धा प्याला, कारण काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ ‘प्या आणि निघा’ असा होतो. शेवटच्या माणसाचा हात प्याल्यावर पडला की सून उठते. त्याआधी तिनं उठायचं नाही.

या रिवाजाचा मला लहानपणापासून राग आहे. राजधानीत, बिश्केकला, वैद्यकीय शिकायला गेल्यापासून तो वाढला. चौथ्या वर्षाला असताना ऑक्टोबरात बटाटे काढायला म्हणून मी घरी आले, तेव्हाही तो राग पिशवीत घालूनच आणला होता. नारिन नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, घरात आई आणि माझी वहिनी कनिशाय. भाऊ तालाय मॉस्कोला इमारतींच्या कामावर. त्याला जाऊन चौदा महिने झाले होते, माझी मागची फेरी दहा महिन्यांपूर्वीची.

आईला आम्ही आपा म्हणतो. मी आले त्या दिवशी चहाला आपा चुलीच्या बाजूला बसली, मी तिच्या शेजारी. कनिशाय दाराकडे पाठ करून समोवारशी. कपाळावर रुमाल घट्ट आवळलेला, मान सरळ, नजर समोर. तिनं आपाला प्याला दिला, मला दिला, स्वतःला घेतला. मग चौथा प्याला उचलला, अर्धा भरला, आणि आपल्या डाव्या हाताला, पेटीवर रचलेल्या रजयांच्या चळतीच्या पायाशी ठेवला.

“कोण येणारंय, जेंगे?” मी विचारलं. वहिनीला आमच्यात अशी हाक मारतात.

“कुणी नाही, शेंडेफळ,” ती म्हणाली. सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात, म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं माझं हे नाव ठेवलं होतं. माझा रिवाजांवर राग असला तरी या नावावर नव्हता.

आपा भाकरीला लोणी लावत राहिली. खूप वेळ लावत राहिली.

तीन तीन प्याले झाले. आपानं हात ठेवला, मी ठेवला. कनिशाय उठली नाही. ती डावीकडे किंचित कलली, कुणी हळू बोलत असेल तर आपण कलतो तशी. मान मात्र वळवली नाही. त्या चौथ्या प्याल्यातला गार चहा तिनं बाजूच्या वाडग्यात ओतला आणि नवा भरला. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. समोवारचा आवाज बारीक होत गेला. बाहेर कुणीतरी घोडा हाकत गेलं.

शेवटी आपा पुढे झुकली आणि तिनं स्वतःचा हात त्या प्याल्यावर ठेवला.

कनिशाय उठली. भांडी गोळा करताना मला ऐकू येईल एवढंच म्हणाली, “तो आपांचा हात होता. तिचा नाही.”

२

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, गोठ्यात तिनं बाह्या वर सारल्या तेव्हा मला डाग दिसले. दोन्ही खांद्यांवर, दोन्ही कोपरांच्या बाहेरच्या अंगाला. काही निळे, काही पिवळे पडलेले. मी तशीच अंगणात गेले. आपा बटाटे निवडत होती, चांगले पोत्यात, कापलेले बादलीत.

“आपा, तिला कोण मारतं?”

“दार.”

“काय?”

“दार मारतं. कधी डावी चौकट, कधी उजवी. गोठ्याचा खांब. काल कुंपण. तिच्या मागोमाग चालून बघ.”

“हे तू मला सांगतेस? मार खाल्लेल्या बायकांनी दवाखान्यात हेच सांगितलेलं मी पंचवीस वेळा ऐकलंय.”

“जिभेला चांगली धार लावून आणलीस शहरातून,” आपा म्हणाली. “बटाटे सोल आता त्याच जिभेनं.”

मी बसले नाही, सोललेही नाहीत. मी खूप बोलले. सुनेला माणूस समजा म्हणाले, मान वर करायची सोय नाही तिला, डावीउजवीकडे बघायची मुभा नाही, दुसरं काय होणार. आपानं सगळं ऐकून घेतलं. मग हातातला बटाटा पुसत पुसत म्हणाली, “तिला दूध येतंय.”

“कुठलं दूध?”

“कुडतं भिजतं. दोन महिने झाले. पहिल्यांदा मला वाटलं गाईचं सांडलं असेल. मग तिला न्हाणीघरात बघितलं.”

कनिशायच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिला मूल झालेलं नव्हतं.

“पाळी?”

“वर्षभर नाही. मला काय माहीत, मी काय मोजत बसते? तालाय इथं असता तर आनंदानं मोजली असती.” तिनं बटाटा पोत्यात टाकला. “उमसूनायला विचारलं मी. सदतीस वर्षं तिनं बाळंतपणं केलीत. ती म्हणाली, मुलावाचून दूध येत नाही. मूल झालंय, ते कुठंय ते शोध.”

“आणि तू शोधलंस?”

आपा माझ्याकडे बघेना. “गवताची गंजी पूर्ण उतरवली. कोळसा उपसला. न्हाणीघराच्या मागं खणलं. बटाट्यांचा खड्डा तर नांगरल्यासारखा केला. बाई काय काय उपसते, जार्किन, तुला कळायचं नाही. प्रत्येक फावड्याला मी देवाला म्हणत होते, सापडू नये. आणि प्रत्येक फावड्याला वाटत होतं, सापडलं तर एकदाचं संपेल.”

“सापडलं का?”

“सापडलं असतं तर रडणं थांबलं नसतं का?”

मला अंगणातली थंडी एकदम जाणवली.

“खालच्या खोलीत,” आपा म्हणाली. “भर दुपारी. तोंडावर कापड धरल्यासारखं. मी आत जाते, थांबतं.” ती उठली, पोतं कवेत घेतलं. “रविवारी उमसूनाय येणारंय. कनिशायच्या भावालाही निरोप दिलाय, न्यायला ये म्हणून. मग तालायला फोन करीन. तू मध्ये पडू नकोस. वाईट मुलगी नाही ती. म्हणूनच मला सहन होत नाही.”

३

मी तिच्या मागोमाग चालले. आपाला खोटं पाडायचं होतं म्हणून चालले.

कनिशाय दुधाची बादली घेऊन निघाली आणि दाराच्या उजव्या चौकटीला खांदा धाडकन आपटला. तिनं ‘आई गं’ सुद्धा म्हटलं नाही. सवयीचं असल्यासारखी किंचित सरकली आणि आत गेली.

साय काढायचं यंत्र आमच्याकडे जुनं आहे, हातानं फिरवायचं. त्याच्या दांड्याला एक घंटी आहे. वेग कमी असेल तोवर प्रत्येक फेऱ्याला ती टिंग करते, पुरेसा वेग आला की गप्प होते. कनिशायनं दांडा धरला. टिंग, टिंग, टिंग, मग शांतता आणि नुसती घरघर.

“जेंगे, इथं आपण दोघीच आहोत. इथं तरी मान खाली घालायची गरज नाही. आजूबाजूला बघ की.”

ती हसली. “आजूबाजूला काय असतं?”

“म्हणजे?”

“तुम्ही सगळे समोर येता, तेव्हा असता. बाजूला काही नसतंच.” मग तिचं हसू गेलं. “पूर्वी असायचं का गं? मला आता आठवत नाही.”

याच क्षणी मला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण माझं डोकं अजून भाषणातच होतं. मी म्हटलं, “या घरानं तुझं जग एवढंसं केलंय.”

“घराचं नाव नको घेऊ. आपा माझ्याशी चांगल्या आहेत.” दांडा फिरत होता. “शेंडेफळ, तू शिकलीस म्हणून विचारते. आधी मला, धुरीला जाळतात त्या आर्चाच्या झुडपाच्या फांद्या जळल्याचा वास येतो. कुणी धुरी फिरवलेली नसते. मग पोटातून काहीतरी वर चढतं. आणि मग ती येऊन बसते. जिथं मला दिसत नाही तिथं. मी वळले की तीही सरकते. काही करत नाही, नुसती बसते. मूल गेलेली बाई बसते तशी. मी काय करू? घरी आलेल्या माणसाला चहा तर द्यायलाच हवा. आणि ती हात ठेवत नाही. कितीही ओतलं तरी ठेवत नाही. मला उठता येत नाही गं.”

“आणि दूध?”

तिचे गाल लाल झाले. “आपांनी सांगितलं? मी कुणाकडे…” तिला ते वाक्य पूर्ण करवेना. “मी वेडी आहे का?”

मी उत्तर द्यायच्या आत टिंग झालं.

दांडा मंदावला होता. टिंग. टिंग. मग तोही आवाज थांबला. कनिशाय समोर बघत होती. डोळे उघडे, पण त्यात मी नव्हते. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. डावा हात कुडत्याच्या एकाच बटणाशी चाळा करत होता, उघडायचा नाही, लावायचा नाही, नुसता चाळा. मी हाक मारली. खांदा हलवला. छातीवर दोन ओले गोल दिसायला लागले होते.

त्या मिनिटभरात मला वास आला. आर्चाचा. जळत्या, ओल्या फांदीचा.

आपा धुरी फिरवत असेल, मी स्वतःला म्हटलं. खिडकीतून बघितलं तर आपा दूर खालच्या शेतात होती, वाकून बटाटे वेचत.

टिंग. टिंग. कनिशायचा हात पुन्हा फिरायला लागला. “काय म्हणत होते मी?” ती म्हणाली.

४

ग्रंथींच्या आजारांत मला पाचपैकी पाच गुण आहेत. परीक्षेत मी यावर अडीच पानं लिहिली होती. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ वाढली तर मुलावाचून दूध येतं, पाळी थांबते, दिवस राहत नाहीत, कपाळ दुखतं. गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं दाब पडतो, आणि दोन्ही बाहेरच्या बाजू दिसेनाशा होतात, घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावल्यासारख्या. गाठ आणखी बाजूला पसरली की नसलेले वास येतात, मिनिटभर माणूस हरवतो, आणि शेजारी कुणीतरी आहे असं वाटतं.

अडीच पानं. आणि दहा महिने मी तिला फोनवर बघत होते, ती सरळ पडद्यात बघत होती, आणि मी मनात म्हणत होते, बिचारी किती दबलेली आहे.

आपाला त्यात शालीनता दिसली. मला गुलामगिरी दिसली. दोघींनी रिवाजच बघितला, डोळे कुणी बघितले नाहीत.

त्या दुपारी मी तिला खालच्या खोलीत नेलं, तिथं दोन खिडक्यांचा उजेड होता म्हणून. ती आत यायला तयार नव्हती. मग माझा हात धरून आली. आम्ही समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. खोलीत रजयांची दुसरी चळत, भिंतीवर गालिचा, कोपऱ्यात तालायच्या लहानपणाचा पाळणा, पोत्यानं झाकलेला.

“माझ्या नाकाकडे बघ. नाकच. मी बाजूला बोटं धरीन, दिसली की सांग.”

मी उजवा हात लांब केला. दोन बोटं. “किती?”

“काही नाही.”

आत आणला. आणखी आत. माझ्या कानाशी आला तरी काही नाही. जवळजवळ गालाशी आला तेव्हा म्हणाली, “दोन.” दुसरी बाजूही तशीच. माझं रोगनिदान जुळत होतं आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद होत होता. खात्रीसाठी पुन्हा एकदा करावं म्हणून मी हात खाली घेतले.

“आता?” मी म्हटलं. हे फसवण्यासाठी विचारायचं असतं. हात दाखवायचा नाही आणि विचारायचं.

“पाच,” कनिशाय म्हणाली.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

“कुठं?”

“डावीकडे. पाच बोटं. पसरलेली. खूप जवळ आहेत.” ती अजून माझ्या नाकाकडेच बघत होती, सांगितल्याप्रमाणे. “तुझी नाहीत का?”

मी बघितलं. तिच्या डावीकडे पाळणा होता, आणि पाळण्यापलीकडे भिंत. पोतं हललं नव्हतं. खोलीत एक आवाज होता, मूल रडण्याआधी श्वास आत घेतं तसा, आणि मग तो नव्हता. मांजर असेल. आमच्याकडे तेव्हा मांजर नव्हतं, पण शेजाऱ्यांकडे होतं.

मी तिला समजावलं. डोळ्यांकडून ज्या भागाची बातमी येत नाही तो भाग मेंदू आपल्या मनानं भरून काढतो, हे माहीत असलेलं आहे, पुस्तकात आहे, तू वेडी नाहीस, तुला आजार आहे, यावर गोळ्या आहेत. माझा आवाज अगदी शांत होता. हात मात्र माझ्या मांड्यांखाली दाबलेले होते. ते मी कधी तिथं लपवले, आठवत नाही.

कनिशाय रडायला लागली. “आजार आहे,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, कुणीतरी बक्षीस द्यावं तशी. “मला आजार आहे.”

५

रविवारी उमसूनाय आली, काठी टेकत, पांढरा रुमाल, सोन्याचे दात. मागून कनिशायचा थोरला भाऊ एसेन. त्यानं टोपी काढली नाही आणि तो कुणाकडे बघेना. सगळे चहाला बसले. कनिशाय समोवारशी. डावीकडे जास्तीचा प्याला होताच.

मी सांगायला सुरुवात केली. ग्रंथी, नसा, गाठ. उमसूनायनं बोरसोक, कणकेचा तळलेला तुकडा, चहात बुडवला.

“पोरी, तू जन्मलीस तेव्हा तुझी नाळ मी कापली. तेव्हाही तू अशीच मोठ्यानं बोलत होतीस.”

“आज्जी, दूध मुलावाचूनही येऊ शकतं.”

“येतं की. बाजारात येतं, बाटलीत.” एसेननं खाली बघितलं. कुणी हसलं नाही. “सदतीस वर्षं, जार्किन. तुझी चार.”

“मग माझ्यावर विश्वास नका ठेवू. आपा, तू कर.” मी आईकडे वळले. “तुझा प्याला तिला दे. पण समोरून नको. बाजूनं दे.”

“हा काय पोरखेळ.”

“एकदा कर. चुकले तर मी तोंड उघडणार नाही.”

“हे मात्र बघायला आवडेल,” उमसूनाय म्हणाली.

आपा उठली. गुडघे धरत कनिशायच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि रिकामा प्याला पुढे केला. मोठ्यांचा रिकामा प्याला दिसला की सून दोन्ही हातांनी घेते, क्षणही लावत नाही. कनिशाय समोर बघत राहिली. आपाचा हात तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. समोवार सूं सूं करत होता.  आपानं प्याला हळूहळू पुढे सरकवला. कानाशी. गालाशी. जवळजवळ नाकासमोर आल्यावर कनिशाय दचकली.

“माफ करा, आपा. कधी आलात इकडे?”

 आपानं प्याला भरून घेतला, तसाच खाली ठेवला, ती उठली, आणि डाव्या बाजूला गेली, रजयांच्या चळतीपाशी. तिथं जास्तीचा प्याला होता. तो तिनं जपून थोडा सरकवला, हे मी बघितलं. मग आपला मोकळा हात सुनेच्या तोंडाशेजारी धरला, बोटं पसरून. हलवला. कनिशाय समोर बघत होती, चेहऱ्यावर तेच सौम्य, आज्ञाधारक हसू.

“गावभर सांगत फिरले मी,” आपा म्हणाली.  “माझी सून बघा, इकडे बघत नाही, तिकडे बघत नाही. बाकीच्यांच्या सुनांना नावं ठेवली मी. माझी सून आंधळी होत होती आणि मी मिरवत होते.”

उमसूनायनं बुडवलेला बोरसोक तसाच बशीत ठेवला होता. तो फुगून विरघळायला लागला होता.

“एक होती,” ती म्हणाली. “वरच्या पाड्यावरची. मी तेव्हा नवीन होते. हेच. दूध, आणि सारखी पडायची. मूल कुठंय विचारून विचारून आम्ही तिला… माहेरी धाडली. मग आंधळी झाली असं ऐकलं. शेवटी फक्त दूध राहिलं होतं, म्हणे, आणि त्याला घेणारं कुणी नाही.” तिनं काठी जवळ ओढली. “रजयांशेजारी बसायची नुसती.”

 कनिशाय थोडी डावीकडे कलली.

मग एसेननं पहिल्यांदा तोंड उघडलं. “गाडी बाहेर आहे. न्यायला आलोच होतो. कुठं न्यायचं तेवढं सांगा.”

६

बिश्केकच्या डॉक्टरांनी यंत्रातलं चित्र खिडकीवर धरलं. जर्दाळूएवढी गाठ होती, एका बाजूला बोट फुटल्यासारखी पसरलेली. “उपचारावाचून हिवाळा गेला असता तर डोळे गेले असते,” ते म्हणाले. चिरफाड नको, या जातीची गाठ गोळीनं आक्रसते. आठवड्यातून दोनदा, इवलीशी पांढरी गोळी. झटके थांबायला वेगळी. आपानं ती गोळी तळहातावर घेऊन खूप वेळ बघितली. “एवढीशी,” ती म्हणाली. “आणि मी अख्खं आवार खणलं.”

तालायला फोन मी केला.  तो म्हणाला, “ती मला म्हणायची, माझ्या मधोमध उभा राहून बोल. मला वाटायचं लाडात येते.” महिन्याभरात तो परत आला.

सगळ्याला कारण मिळालं. दूध, वास, खांद्यावरचे डाग, शेजारी बसलेली बाई, पाच बोटं. माझी वही उघडली तर एकेका गोष्टीपुढे बरोबरची खूण करता येईल. रडण्यापुढे करता येत नाही. आपाच्या डोक्यात गाठ नाही, कान चांगले आहेत, आणि तिनं ते रडणं कनिशायचं दूध दिसायच्या आधी एक दिवस ऐकलं होतं. हे तिनं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं. मी म्हटलं, काळजीनं भास होतात. ती म्हणाली, “हो, असेल.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू भास मला झाला होता.

७

एप्रिलमध्ये मी पुन्हा घरी गेले. डोंगरावर बर्फ होतं, अंगणात चिखल. कनिशाय दारातून नीट मधोमध आली आणि मला बघून थांबली. मी तिच्या बाजूला उभी होते, समोर नव्हते.

“शेंडेफळ, तिकडे कोपऱ्यात काय लपतेस? दिसतेस मला.”

मी खालच्या खोलीत तिची परीक्षा घेतली. दोन, तीन, एक, चार. अगदी कडेपर्यंत. हात खाली घेऊन विचारलं, “आता?” ती म्हणाली, “फसवू नकोस. काही नाही.” दूध आटलं होतं. पाळी आली होती. आपानं पाळण्यावरचं पोतं काढून तो उन्हात ठेवला होता.

मग चहा. आपा, तालाय, मी, कनिशाय. चार माणसं, चार प्याले. तालाय मॉस्कोतल्या मुकादमाच्या गोष्टी सांगत होता, आपा त्याला “खा आधी” म्हणत होती. प्याल्यात गरम चहा राहिलेला असतानाच एकेकानं हात ठेवला. कनिशायनंही आपल्या प्याल्यावर ठेवला. पण उठली नाही. तिनं पाचवा प्याला घेतला, अर्धा भरला, आणि डाव्या हाताला ठेवला.

मी विचारलं, “जेंगे, ती दिसते का अजून?”

“नाही गं. वासही येत नाही. कुणी नाही तिथं.” तिनं रुमाल सारखा केला. “पण तिनं हात ठेवला नव्हता. इतके दिवस आली, बसली, आणि एक दिवस मला दिसेनाशी झाली. ती उठून गेली असं नाही ना होत. अर्ध्यावर कसं सोडायचं तिला?”

मी बोलणार होते. अंधश्रद्धा, गोळ्या, नसा, सगळं जिभेवर होतं. तालाय बायकोकडे बघत होता. आपा म्हणाली, “ओत तिला. चांगला गरम ओत.”

 तो प्याला मी कनिशायच्या डाव्या हाताला बघितला आणि मग मान वळवायची नाही असं ठरवलं. का ठरवलं, सांगता येत नाही. मी सरळ कनिशायच्या नाकाकडे बघत राहिले, मीच तिला शिकवलं होतं तसं.  समोवार निवत आला होता, अधूनमधून एखादा टिचका आवाज. पाचही प्याल्यांतून वाफ निघत होती, चार माझ्यासमोर, एक नजरेच्या कडेला.

कडेला काहीतरी उतरलं. सावकाश, खूप दमलेल्या माणसाचा हात उतरतो तसं. पाच बोटं, थोडी पसरलेली, आणि त्यांच्याखाली प्याला.

मी वळले. रजयांची चळत होती. प्याला होता, चहा अर्धा, जसा ओतला तसा. आमच्या चार प्याल्यांतून वाफ वर जात होती. त्याच्यातून जात नव्हती.

कनिशायनं तिकडे बघितलंही नाही. तिनं हलकेच मान झुकवली, उठली, आणि समोवार उचलला.